तिचा निबंध तिचाच होता

अन्याय झाला तो माझ्या वर्गातल्या एका बाईवर. गेल्या सत्रातल्या शेवटच्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी, कारंजा शहरातल्या आमच्या कॉलेजच्या वरच्या मजल्यावर, साठेक पोरापोरींसमोर. वेळ पक्की सांगतो, कारण सर तिच्या कागदावर लाल पेनाने आडवी रेघ मारत होते तेव्हा मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होतो. तिच्याकडे बघायची हिंमत नव्हती.

"हे तुझं नाही," सर म्हणाले. "मोबाइलला विचारलं, त्यानं लिहून दिलं, तू उतरवून काढलंस. मला काय कळत नाही का?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. ती उभी राहिली, कागद घेतले, त्यांची घडी घातली आणि बसली.

आणि त्याच तासाला, पाचच मिनिटं आधी, सरांनी माझा निबंध वर्गाला वाचून दाखवला होता. उत्तम नमुना म्हणून! हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी जे काही सांगेन ते कोण सांगतोय हे तुमच्या लक्षात राहील.

आमचं बी.ए.चं पहिलं वर्ष. राज्यशास्त्राची ओळख करून देणारा पेपर, आणि त्यात वीस गुणांचा एक निबंध घरून हाताने लिहून आणायचा. विषय सगळ्यांना एकच: ग्रामसभा ही प्रत्यक्ष लोकशाही आहे काय, युक्तिवादासह लिहा. त्या विसात शून्य पडलं की पेपरात नापास. तिचं लग्न झालेलं, वय सव्वीस, एक मुलगी दुसरीत. शहराला लागून त्यांचा भाजीपाल्याचा मळा. सात वर्षं शिक्षण सुटलं होतं ते घरच्यांना मनवून तिने पुन्हा धरलं होतं, आणि घरच्यांची अट एकच होती, की एकाही विषयात नापास व्हायचं नाही. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो. मंगळवारी आणि शुक्रवारी ती पहिला तास संपल्यावर यायची, कारण त्या दिवशी त्यांचा माल बाजारात असायचा. नखांत वांग्याच्या देठांचा काळपटपणा तसाच असे.

माझं म्हणाल तर मी पत्रकांवर वाढलेला माणूस आहे. धनजच्या अलीकडे एका फाट्यावर आमचं घर. तिथे सकाळची बस थांबावी म्हणून अकरावीत पहिलं पत्रक लिहिलं, मग सवयच लागली. शिष्यवृत्तीचं पत्रक, वाचनालयाच्या वेळेचं पत्रक, मुलींच्या खोलीतल्या पंख्याचं पत्रक. आमच्या विद्यार्थी गटातल्या मोठ्या पोरांनी मला शिकवलं होतं की पहिल्या ओळीत घाव, दुसऱ्या ओळीत दोषी, शेवटी मागणी. विरोधकाचं नाव घ्यायचं, त्याचं म्हणणं घ्यायचं नाही. कागदाच्या दोन्ही अंगांना छापलं तरी पत्रकाला बाजू एकच. माझा निबंधही तसाच होता. "ग्रामसभा म्हणजे लोकशाहीच्या नावाखाली चाललेली लूट!" अशी सुरुवात, आणि चार पानांत सात उद्गारचिन्हं. सर म्हणाले, "धार आहे पोरात." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं.

तास सुटल्यावर ती बसस्टँडच्या बाजूला रिक्षाची वाट बघत उभी होती. मी गेलो.

"ताई, पाहू का तुमचा निबंध?"

"काहून? तुलेबी पाह्यचं हाय का कोन्या कंपनीचा मोबाइल होता?"

"नाही हो."

"घे मंग. सरनं तं पयलंच पान वाचलं."

मी तिथेच, उसाच्या रसाच्या गाडीला टेकून, चारही पानं वाचली. पहिलं वाक्य असं होतं: "ज्या ग्रामसभेला मी हजर नव्हते, तिच्या हजेरीवहीत माझी सही आहे, आणि ती सही माझीच आहे."

मी ते वाक्य दोनदा वाचलं. दुपारी शिपाई वही घेऊन घरोघर फिरला, सगळ्यांनी केली म्हणून तिनेही केली, असं तिने पुढे सरळ लिहिलं होतं. दोष दुसऱ्यावर टाकायच्या आधी स्वतःचा मांडला होता. मी असलं वाक्य मेलो तरी लिहिलं नसतं.

त्यानंतरचं सबंध पान ग्रामसभेच्या बाजूने! गावातल्या कोणत्याही मतदाराला येता येतं, तिथे ना पक्षाचं तिकीट लागतं ना कोणाची शिफारस. खर्चाचा जाब तोंडावर विचारता येतो. बायांना सगळ्यांसमोर बोलायला जड जातं म्हणून त्यांची वेगळी सभा आधी घ्यायची सोय आहे. पुरेशी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते. ग्रामसभेची एवढी भक्कम बाजू मी पंचायतीच्या भिंतीवरच्या रंगवलेल्या पाटीवरही कधी वाचली नव्हती. वाचता वाचता मला भीती वाटायला लागली की आता ही उलटं कसं फिरवणार.

तिने फिरवलं ते एका साध्या प्रश्नाने. सभा किती वाजता भरते? अकराला. मग अकरा वाजता गावात कोण कुठे असतं हे तिने लिहून काढलं होतं. मिरची तोडायला कोण गेलेलं असतं, बाजारात कोण, शाळेत खिचडी शिजवायला कोण, बकऱ्यांमागे कोण. आणि मग एक ओळ: "अकरा वाजता जे रिकामे असतात, त्यांचं काम दुसरं कोणीतरी करत असतं."

आणि एवढ्यावरही ती थांबली नाही. माझ्यासारख्याने तिथेच टाळ्या घेतल्या असत्या. तिने लिहिलं, की कोणी म्हणेल, कोणतीही वेळ ठेवा, कोणीतरी राहणारच, मग सभा घ्यायचीच नाही का? हे म्हणणं तिने बरोबर मानलं. प्रत्येक गैरहजेरी म्हणजे अन्याय नाही, असं कबूल केलं. मग कसोटी दिली: दर वेळी वेगळी माणसं राहून गेली तर तो योगायोग, दर वेळी तीच माणसं राहिली तर ती व्यवस्था. आणि तहकूब सभेला तर माणसांची किमान संख्याही लागत नाही, म्हणजे पहिल्या खेपेला जे राहिले त्यांच्यावाचून दुसऱ्या खेपेला निर्णय होऊ शकतो. म्हणून ग्रामसभेचं दार उघडं आहे एवढ्यावर ती प्रत्यक्ष लोकशाही ठरत नाही, वेळ कोण ठरवतं ते बघावं लागतं.

एकाही उद्गारचिन्हाशिवाय चार पानं. माझ्या निबंधात मी ओरडलो होतो. तिने सिद्ध केलं होतं. हे मला त्या रसाच्या गाडीपाशी कळलं.

"ताई, हे लय भारी आहे. आपण लढायचं."

"कायले लढतं? मले फक्त सरनं पूर्न वाचलं पाह्यजे."

पण मी ऐकणारा नव्हतो. कागद तिला परत दिले, वाक्यं मात्र डोक्यात ठेवली. सरळ झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसलो आणि अर्ध्या तासात पत्रक तयार. मथळा: "मळ्यातली बाई हुशार असूच शकत नाही काय?" खाली तिच्या निबंधातली दोन उत्तम वाक्यं, अकरा वाजताचं आणि व्यवस्थेचं. मग सरांवर तीन घाव. शेवटी मागणी: जाहीर माफी! बुधवारी दहा वाजेपर्यंत पत्रकं व्हरांड्यात, सायकल स्टँडवर, पाण्याच्या टाकीवर, सगळीकडे. तिला विचारलं नव्हतं. पत्रक काढताना आम्ही कधी विचारतच नाही. ज्याच्यासाठी लढायचं त्याला विचारत बसलं तर वेळ जातो, असं आम्हाला वाटतं.

साडेदहाला सरांनी मला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर पत्रक. त्या दोन वाक्यांखाली त्यांनी पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या.

"छान लिहितोस," ते म्हणाले. "ही दोन वाक्यं तुझीच ना?"

"नाही सर, त्यांच्या निबंधातली आहेत."

"तेच म्हणतोय मी. काल वाटलं मोबाइलनं लिहिलं. आज कळलं कोणी लिहिलं." ते खुर्चीत मागे रेलले. "दुसऱ्याचा निबंध लिहून देणं हाही गुन्हा आहे. दोघांचंही शून्य करतो."

घ्या! तिच्या बाजूने म्हणून मी जे कागद वाटले, तेच तिच्याविरुद्ध पुरावा झाले. पत्रक लिहिणारा पोरगा हाच, वाक्यं तशीच टोकदार, दोघं काल बसस्टँडवर कागद बघताना कोणीतरी पाहिलेले. सरांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. पण हे आता म्हणतो. तेव्हा मी टेबलावर हात आपटला आणि बाहेर आलो.

त्या दिवशी ती कॉलेजात आली नव्हती. गुरुवारीही नाही. शुक्रवारी पहाटेच्या बसने मी निघालो आणि उजाडता उजाडता भाजीबाजारात पोचलो, कारण शुक्रवारी ती तिथे असणार हे माहीत होतं. हर्रास सुरू व्हायचा होता. अडत्या, म्हणजे माल बोली लावून विकून देणारा दलाल, दोन गाळे पलीकडे चहा पीत होता. ताई आणि तिची सासू कॅरेटं लावत होत्या. सासूबाईंच्या हातात वांगी होती, आणि जे वांगं किडकं, ज्याला भोक पडलेलं, ते त्या बरोबर सगळ्यांच्या वर ठेवत होत्या.

मला राहवलं नाही. "काकू, किडके वर काहून ठेवता?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग काय खाली लपवू? अडत्या का आंधळा हाये? आपन लपोलं का तो कॅरेट उलटा करते, अन् मंग चांगल्या मालावरबी शक घेते. वरतेच दाखोलं का उलटा करत नाई." आणि सुनेकडे वळून, "हा कोन व? शिकलेला दिसते, पन समजत काई नाई याले."

"हाच तो," ताई म्हणाली. "ज्यानं मायावर पत्रक काढलं."

"अस्सं!" सासूबाईंनी हातातलं वांगं माझ्याकडे असं रोखलं की मी एक पाऊल मागे सरलो.

मी माफी मागायला लागलो. दोघांचं शून्य होणार हे सांगितलं. ती वांगी पुसत राहिली. मग म्हणाली, "तुयं पत्रक मी वाचलं. मैत्रिनीनं फोटो पाठोला होता. त्याच्यात किडकं एकबी नाई."

"म्हणजे?"

"म्हंजे सरचं काईच बरोबर नाई, मायं सगळंच बरोबर. असं असते का कुठं? म्हनून सरनं सगळा मालच उलटा केला. मी सही केली होती ते वाक्य तं तू घेतलंच नाई."

"ते आपल्या विरोधात जातं ना ताई."

"तेच वाक्य माया खरेपनाचा पुरावा होतं रे बावा. मोबाइल कायले म्हनीन का मी खोटी सही केली?"

सासूबाई म्हणाल्या, "आता बसला काहून मुक्यावानी? उचल तो कॅरेट." उचलला.

माल गेल्यावर ती म्हणाली, "मार्काचं तं हायेच, घरी अट हाये. पन मी चोर नाई, एवढं मले सरच्या तोंडून पाह्यजे. चाल. अन् तिथं तू बोलाचं नाई."

आम्ही कॉलेजात गेलो. शिक्षकांच्या खोलीत सर होते आणि इतिहासाच्या मॅडम होत्या. ताई टेबलासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता ही रडेल नाहीतर भांडेल.

"सर, पयले मी तुमची बाजू सांगू का?"

सरांनी चष्मा काढला.

"मी पयल्या तासाले नसते. चाचनीत मले वीसातून सहा भेटले. वर्गात मी आतापर्यंत तोंड उघडलं नाई. अन् निबंधात एकबी खाडाखोड नाई. वरून या भावानं ते पत्रक काढलं. तुमच्या जाग्यावर मी असते तं मलेबी शक आला असता."

सरांनी चष्मा पुन्हा घातला.

"मग?" सर म्हणाले.

"मंग चाचनी चाळीस मिनिटाची होती सर, पाठ करून लिव्हाची. मायाच्यानं पाठ होत नाई. निबंधाले तीन आठवडे होते. तोडनी चालू असते तवा हात काम करते, डोकं मोकळं राह्यते. रोज एक वाक्य. सात खेप फाडलं, आठव्या खेपी तुमाले देल्लं, म्हनून खाडाखोड नाई. आता तुमी इचारा. पुस्तकातलं नका इचारू. जे मी लिव्हलं नाई ते इचारा."

तिने पिशवीतून काढलेले कागद सरांनी घेतले. या वेळी चारही पानं वाचली. मी मोजली, ते पान उलटायला वेळ घेत होते. मग विचारलं, "समजा सभा संध्याकाळी सातला ठेवली?"

"मंग बायांच्या चुली पेटलेल्या असतीन. अन् काई मानसं पिऊन येतीन. भांडन व्हईन, सभा नाई."

"मग सकाळी सहाला."

"तवा आमी बाजारात."

"म्हणजे कोणतीच वेळ नाही. तुझं म्हणणंच कोसळलं."

"नाई सर. वेळ आलटून पालटून ठेवा. एकदा सकाळी, एकदा दुपारी, एकदा संध्याकाळी. कोनीतरी राहीन, पन दर खेपी तेच नाई राहनार."

सर पुढे झुकले. आता त्यांना मजा वाटू लागली होती, हे मला दिसत होतं. "पण दर वेळी वेळ बदलली तर लोकांना सवयच लागणार नाही. उपस्थिती आणखी घटेल. ज्यांना सामावून घ्यायचं तेच आधी गळतील. याचं काय?"

ती विचार करत उभी राहिली. मला उत्तर सुचलं होतं, पत्रकी उत्तर, तोंडाशी आलं होतं. मी जीभ चावली.

"हे खरं हाये सर," ती शेवटी म्हणाली. "याचं उत्तर मले येत नाई. हे मी निबंधात लिव्हाले पाह्यजे होतं."

सर हसले नाहीत. त्यांनी इतिहासाच्या मॅडमकडे पाहिलं, मग लाल पेन उघडलं आणि त्या आडव्या रेघेखाली सतरा लिहिलं. "मोबाइलला कधी उत्तर येत नाही असं होत नाही," एवढंच म्हणाले. मग कागद परत देत, "तुझंच आहे. मान्य." माझं शून्यही रद्द झालं. माझे गुण मात्र सोळावरून अकरा केले, आणि समासात लिहिलं, "दुसरी बाजू कुठे आहे?" बरोबर लिहिलं. तिचं उत्तर ऐकल्यानंतर मला सोळा घ्यायची लाजच वाटली असती.

माझ्या ओळखीत माईक धरून दोन तास बोलणारे आहेत. सभा जिंकणारे, घसा बसेपर्यंत घोषणा देणारे. स्वतःच्या सगळ्यात दुबळ्या मुद्द्यावर बोट ठेवून "इथं मला येत नाही" म्हणणारं मी तेव्हा एकच माणूस पाहिलं, आणि त्या माणसाच्या ओटीत त्या वेळी बाजारातून उरलेली कोथिंबीर होती.

हे लिहू का म्हणून मी तिला विचारलं. या वेळी विचारलं. ती म्हणाली, "सरची बाजू लिव्हशीन तं लिही." म्हणून लिहितो. सर तासाच्या हिशेबावर शिकवतात, कायम नाहीत. दोन गावच्या दोन कॉलेजांत जातात आणि आमचे साठ निबंध त्यांनी बसमध्ये बसून तपासले होते. त्या ढिगात नऊ निबंध शब्दाला शब्द सारखे होते, खरोखर मोबाइलवरून उतरवलेले. दहावा संशय त्यांना सोपा होता. आणि चूक कळल्यावर ती त्यांनी मान्य केली, हे सगळ्यांना जमत नाही.

पण माझं भांडण संपलेलं नाही. चोर म्हटलं साठ जणांसमोर. मान्य केलं चार भिंतींत, आम्हा दोघांसमोर आणि एका मॅडमसमोर. मी तिथेच म्हटलं होतं, "सर, हे वर्गात सांगा." ते म्हणाले, "तास संपले आता, सोमवारपासून परीक्षा." ताईने माझी बाही ओढली, म्हणून मी गप्प बसलो. परीक्षेच्या पहिल्या दिवशी ती जिन्यावरून चढत होती तेव्हा मागून एक पोरगी दुसरीला म्हणाली, "हीच ना व ते मोबाइलवाली?" ताईने ऐकलं. वळली नाही. वर गेली, पेपर लिहिला, सगळ्या विषयांत पास झाली. पण त्या साठांपैकी बहुतेकांच्या लेखी तो निबंध आजही तिचा नाही.

तेव्हा आता तुमच्याशी बोलतो. तुम्ही मास्तर असा, साहेब असा, सासरे असा, नाहीतर नुसते मोठे भाऊ. तुम्हीही कधीतरी कोणाला चारचौघांत म्हटलं असणार की हे तुझ्या डोक्यातून आलेलं नाही. त्या माणसाला बोलवा. तीन अवघड प्रश्न विचारा आणि उत्तर संपेपर्यंत मधे बोलू नका. चूक तुमची निघाली तर कानात सांगू नका. त्याच लोकांना पुन्हा जमवा, उभे राहा, आणि मोठ्याने सांगा. याच आठवड्यात सांगा.